हार्ड कार्बन ॲनोड हाफ सेलमध्ये छान टिकतो, फुल सेलमध्ये 100 सायकलमध्येच बसतो. टिन घालू का?

काळी_भुकटी

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, अर्धवट माहिती दिली की मग उलट प्रश्न येत राहतात म्हणून सगळंच एकदम टाकते. सोडियम-आयन बॅटरीच्या ॲनोडवर काम करतेय, दीड वर्ष झालं. नारळाच्या करवंटीचा हार्ड कार्बन. करवंटी वाळवायची, फोडायची, दळायची, आर्गॉनमध्ये 1000 डिग्रीला दोन तास भाजायची, मग बॉल मिलमध्ये परत दळून चाळायची. बाइंडर (भुकटी चिकटवून ठेवणारा) पीव्हीडीएफ, कोटिंग ॲल्युमिनियम फॉइलवर, इलेक्ट्रोलाइट 1 मोलर एनएपीएफ6 हे सोडियमचं मीठ, ईसी-डीईसी या कार्बोनेट सॉल्व्हंटमध्ये.

हाफ सेलमध्ये, म्हणजे समोर सोडियमचा पत्रा ठेवून, ग्रॅममागे 280 एमएएच (मिलिॲम्पिअर-तास, म्हणजे कपॅसिटी) मिळाले आणि 200 सायकलनंतरही 265 होते. मी खूष. मग फुल सेल जोडले, कॅथोड सोडियम व्हॅनेडियम फॉस्फेट, तो एकटा तपासला की ग्रॅममागे 105 देतो. फुल सेलमध्ये पहिल्याच डिस्चार्जला 65 आले आणि शंभराव्या सायकलला 39! एक नाही, तीन सेल जोडले, तिघांचं तेच. हाफ सेलमध्ये पहिल्या सायकलची एफिशियन्सी, म्हणजे भरलेल्यातलं जेवढं परत मिळतं ते, 62 टक्के आहे, ती कमी आहे हे कळतंय मला, पण ग्राफ काढताना सगळेच पहिली सायकल सोडून देतात म्हणून मीही फार मनावर घेतलं नाही.

आता गाइड म्हणतात नायट्रोजन डोपिंग कर (कार्बनमध्ये थोडे नायट्रोजनचे अणू घाल), लॅबमधला एकजण म्हणतो टिन मिसळ, कपॅसिटी दुप्पट होईल. मला कपॅसिटी नकोच आहे हो, मला टिकायला हवंय. मटेरियलच बदलू का? हाफ सेलमध्ये जे टिकतं ते फुल सेलमध्ये का मरतं हेच मला समजत नाहीये.

घट_जोडणी

मटेरियल लगेच बदलू नका. आधी हिशोब करू, कारण तुमच्या आकड्यांमध्येच उत्तर आहे.

280 परत येतात आणि एफिशियन्सी 62 टक्के, म्हणजे पहिल्या वेळी ॲनोडने ग्रॅममागे साधारण 450 घेतले आणि 170 गिळले. हाफ सेलमध्ये समोर सोडियमचा अख्खा पत्रा आहे, तिथे 170 गेले काय आणि 500 गेले काय, पत्रा भरून देतो, ग्राफवर ओरखडासुद्धा दिसत नाही. फुल सेलमध्ये सोडियम फक्त कॅथोडमधून येतं. कॅथोडने 105 सोडले, त्याचे 62 टक्के परत आले, म्हणजे 65. तुमचा पहिला डिस्चार्ज तंतोतंत तोच आहे बघा! तुमचा सेल बिघडलेला नाही, तो खरं बोलतोय.

आता पुढची घसरण. 65 वरून 39 म्हणजे 100 सायकलमध्ये 60 टक्के उरले. प्रत्येक सायकलला सारखंच सोडियम वाया जातंय असं धरलं तर एफिशियन्सी निघते 99.5 टक्के. ऐकायला किती छान वाटतं 99.5! पण 1000 सायकलनंतर 80 टक्के हवे असतील तर दर सायकलला 99.98 लागते. दोन्हीतला फरक निम्म्या टक्क्याचाही नाही, आणि बॅटरीचं सगळं आयुष्य त्या फरकात आहे. हाफ सेलच्या 200 सायकल बघून हा फरक कधीच कळणार नाही, तिथे तुमची भुकटी फॉइलला चिकटून राहिली एवढंच सिद्ध झालंय. तेही कमी नाही म्हणा, पण प्रश्न वेगळा आहे.

म्हणून मला विचाराल तर पहिली सायकल सोडून द्यायचीच नाही, तिच्यापासूनच सुरुवात करायची. तुमचं सोडियम जातंय कुठे ते शोधा.

भट्टी_1300

वरच्याशी शंभर टक्के सहमत. चार गोष्टी सांग (तू म्हणतो, वयाने मोठा आहे). बीईटी सरफेस एरिया, म्हणजे ग्रॅममागे छिद्रांसकट पृष्ठभाग किती? करवंटी ॲसिडने धुतलीस का? 1000 वरच का थांबलीस? आणि भट्टीत भुकटी उघड्या बोटीत (नळीत सरकवायच्या लांबट भांड्यात) ठेवतेस की झाकून?

कथिल_अनुभव

टिनबद्दल मी बोलतो, दोन वर्षं त्यातच घालवलीत. कागदावर टिन फार देखणं, पूर्ण सोडियम भरलं की ग्रॅममागे 847. अँटिमनी 660, फॉस्फरस तर 2596. पण टिनचा कण तेवढं सोडियम पोटात घेतो तेव्हा आकारमान मूळच्यापेक्षा चारपटीहून जास्त वाढतं आणि डिस्चार्जला परत आकसतं. दर सायकलला हे फुगणं-आकसणं. प्रत्येक वेळी वरचा एसईआयचा थर (इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन ॲनोडवर बसणारा पातळ थर) तडकतो, खालून ताजा पृष्ठभाग उघडा पडतो, त्यावर नवा थर बसायला परत सोडियम खर्च. म्हणजे ताई, जो आजार तुम्हाला आत्ता आहे तोच टिनने वाढणार.

माझा पहिला सेल उघडला तेव्हा कोटिंग सेपरेटरला चिकटून आलं होतं आणि खाली फॉइल लख्ख दिसत होती, जणू कधी काही लावलंच नव्हतं. नंतर पीव्हीडीएफ सोडून सीएमसी हा दुसरा बाइंडर वापरला, बारीक कण घेतले, कार्बनमध्ये गुंडाळले, सुधारलं बऱ्यापैकी. डायग्लाइम या ईथर सॉल्व्हंटच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये तर जाडे कणसुद्धा टिकतात, तडकून तडकून त्यांचं पोवळ्यासारखं सच्छिद्र जाळं बनतं आणि मग ते तसंच राहतं, हे खरंच बघण्यासारखं आहे. पण तो वेगळा संसार आहे. टिकाऊपणा हवा असेल तर आधी हार्ड कार्बन नीट करा, टिन वगैरे नंतर, तेही थोड्या टक्क्यांत.

नवा_वाचक

मधेच विचारतो, माफ करा. लिथियममध्ये ग्रॅफाइट चालतं ना, मग सोडियमला ते सोडून हार्ड कार्बन कशाला? सोडियमचा आयन मोठा म्हणून आत जात नाही असं वाचलंय.

भट्टी_1300

सगळीकडे असंच लिहितात, पण ते कारण पुरेसं नाही. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षाही मोठा, तरी तो ग्रॅफाइटमध्ये मस्त बसतो, आठ कार्बनला एक पोटॅशियम. लिथियमचं सहाला एक, त्यातूनच ग्रॅफाइटचे ते प्रसिद्ध 372 येतात. सोडियम मधलं असून अडतं, कारण सोडियम आणि ग्रॅफाइटचं तसं संयुग ऊर्जेच्या हिशोबाने स्थिरच नाही. त्यापेक्षा धातू म्हणून बाहेर राहणं त्याला जास्त सोयीचं. नेहमीच्या कार्बोनेट इलेक्ट्रोलाइटमध्ये ग्रॅफाइट ग्रॅममागे 35 च्या आसपास देतं, म्हणजे काहीच नाही. डायग्लाइममध्ये सोडियम सॉल्व्हंटला सोबत घेऊन आत शिरतं, तेव्हा 100 च्या आसपास मिळतात आणि हजारभर सायकल टिकतात, पण कपॅसिटी तेवढीच.

हार्ड कार्बन म्हणजे कितीही तापवला तरी नीट ग्रॅफाइट न होणारा कार्बन. थरांच्या लहान लहान गड्ड्या, वाकड्यातिकड्या, आणि त्यांच्यामध्ये पोकळ्या. ग्रॅफाइटमध्ये दोन थरांतलं अंतर 0.335 नॅनोमीटर, यात 0.37 ते 0.40. स्टीव्हन्स आणि डान यांनी 2000 साली ग्लुकोजपासून केलेल्या हार्ड कार्बनमध्ये 300 च्या आसपास दाखवले आणि तेव्हापासून सगळे याच्याच मागे आहेत.

काळी_भुकटी

घट_जोडणी, तुमचा हिशोब वाचून काल रात्री झोप आली नाही. 65 चा आकडा सहा महिने माझ्या डोळ्यांसमोर होता.

दादा, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. बीईटी आज करून घेतलं, ग्रॅममागे 180 चौरस मीटर. धुतली नाही, फक्त पाण्याने. 1000 वर थांबले कारण आमच्या भट्टीला क्वार्ट्झची नळी आहे, तिच्यावर जास्त चढवू नका म्हणतात. बोट उघडीच असते.

आणि एक, काल एक मेलेला सेल ग्लोव्हबॉक्समध्ये उघडला. ॲनोडच्या एका बाजूच्या कडेला राखाडी चंद्रकोरीसारखा डाग आहे, बाकी सगळं काळं. तिथे ग्लास फायबर सेपरेटर इतका चिकटलाय की चिमट्याने ओढला तर त्याचे धागे तिथेच राहिले. हे काय असेल?

भट्टी_1300

180! मग सगळा उलगडा झाला. आधी कार्बनचं सांगतो, डागाचं घट_जोडणी सांगतील.

एसईआय पृष्ठभागावर बनतो. जितका पृष्ठभाग इलेक्ट्रोलाइटला भेटेल तितकं सोडियम त्यात गाडलं जाणार. चांगल्या हार्ड कार्बनचं बीईटी 10 च्या खाली असतं, जमलं तर 5 च्या खाली. तुझा पृष्ठभाग त्याच्या वीस-तीसपट आहे, म्हणजे तू ॲनोड नाही, जवळजवळ गाळणीचा कार्बन बनवलायस. आणि खरोखरच तसं झालंय, कारण करवंटीच्या राखेत पोटॅशियम भरपूर असतं. ॲक्टिव्हेटेड कार्बन बनवणारे लोक मुद्दाम पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून तापवतात ना छिद्रं पाडायला? तुझ्या भट्टीत तेच काम करवंटीचं स्वतःचं पोटॅशियम करतंय, तुला न विचारता.

तर असं कर. आधी 500-600 ला हलकं भाजून घे, मग दळ. दळणं शेवटी नाही, इथेच. भाजून झाल्यावर बॉल मिलमध्ये घातलंस की बंद पोकळ्या फुटून परत उघड्या होतात आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. दळून झालं की 2 मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गरम करून रात्रभर ढवळत ठेव, मग पाण्याने धुत राहा, पाणी न्यूट्रल येईपर्यंत, कंटाळा येतो पण सोडू नकोस. वाळव. मग शेवटची भट्टी 1300 ला. त्यासाठी ॲल्युमिनाची नळी लागेल, आणि ती मिनिटाला 5 डिग्रीपेक्षा जोरात तापवू नको, थंडही सावकाशच कर, मी घाईत एक तडकवलीय.

1300 चा फायदा काय? कडेला लटकलेले ऑक्सिजन-हायड्रोजन निघून जातात, थर थोडे सरळ होतात आणि बारीक छिद्रांची तोंडं मिटतात. पोकळी आत राहते पण दार बंद. इलेक्ट्रोलाइटला आत जाता येत नाही, सोडियमला मात्र थरांमधून जाता येतं, आणि व्होल्टेजच्या ग्राफवर 0.1 व्होल्टच्या खालचा जो सपाट पट्टा दिसतो तो मुख्यतः या बंद पोकळ्यांचाच. पृष्ठभाग दाखवू नकोस, तोंड बंद ठेव, हार्ड कार्बनची अख्खी युक्ती ही एवढीच आहे. पण 1600-1800 पर्यंत उगाच चढवू नकोस, थर इतके जवळ येतात की सोडियमची वाटच अडते.

भुकटीवर ग्रॅफाइट फॉइलचं झाकण ठेव, आणि गॅस ज्या बाजूने येतो तिकडे आधी एका वेगळ्या बोटीत टाकाऊ कार्बन ठेव. आर्गॉनमध्ये राहिलेला चिमूटभर ऑक्सिजन आधी त्याला खातो, तुझा माल वाचतो. एवढ्याशा गोष्टीने माझं बीईटी निम्म्यावर आलं होतं.

नायट्रोजन डोपिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे, तुझ्या या कामासाठी नको. त्याने ग्राफच्या उताराच्या भागातली कपॅसिटी वाढते, म्हणजे जास्त व्होल्टेजवरची, फुल सेलमध्ये तेवढं व्होल्टेज कमी मिळतं. शिवाय दोषांच्या जागी सोडियम अडकून राहतं, पहिली एफिशियन्सी आणखी पडते. गाइडना हे 62 आणि 65 चं गणित शांतपणे दाखव, ते समजून घेतील.

घट_जोडणी

तो राखाडी चंद्रकोर म्हणजे बहुतेक प्लेटिंग, सोडियमचा धातूच बसलाय. खात्री करायची तर पुढचा सेल पूर्ण डिस्चार्ज करून उघडा आणि डागावर कोरड्या इथेनॉलचा एक थेंब टाका, बारीक बुडबुडे आले की धातू. डिस्चार्ज करूनच, हं! नाहीतर सोडियम भरलेला हार्ड कार्बनही बुडबुडे देतो आणि माणूस फसतो.

हार्ड कार्बनची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे की त्याचा सपाट पट्टा सोडियम धातूच्या व्होल्टेजच्या अगदी शेजारी आहे. जरा जोरात चार्ज केलं की आयनला आत शिरण्यापेक्षा बाहेर धातू म्हणून बसणं सोपं जातं. आणि डाग एकाच कडेला आहे म्हणजे चकत्या एकमेकांवर नीट बसल्या नव्हत्या. तुमच्या ॲनोड-कॅथोडच्या चकत्या किती मिलिमीटरच्या? ॲनोड कॅथोडपेक्षा मोठा हवा, म्हणजे थोडी सरकली तरी कॅथोडच्या समोर सगळीकडे ॲनोड असतो. आणि ॲनोडची कपॅसिटी कॅथोडच्या 1.1 ते 1.2 पट ठेवा.

हाफ सेलबद्दल आणखी एक. जास्त करंटला तुमची कपॅसिटी एकदम पडत असेल तर त्यात ॲनोडचा दोष थोडाच असतो. समोरच्या सोडियम पत्र्याचंच व्होल्टेज इतकं हलतं की यंत्राला 0 व्होल्ट आले असं वाटतं आणि ते थांबतं, सपाट पट्टा अर्धवटच राहतो. तिसरा इलेक्ट्रोड लावून ॲनोडचं व्होल्टेज वेगळं मोजा. जुळवायला किचकट आहे, पण एकदा बघितलंत की परत दोन इलेक्ट्रोडच्या ग्राफवर डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.

एक सोपी टेस्ट मात्र सगळ्यांनी करावी. सेलला पाच-दहा सायकल द्या, मग चार्ज करून 50 तास नुसता ठेवा, परत डिस्चार्ज करा. सोडियमचा एसईआय लिथियमच्या मानाने इलेक्ट्रोलाइटमध्ये जास्त विरघळतो. नुसता ठेवल्यावर तो थोडा विरघळतो, मग पुन्हा बनतो, पुन्हा सोडियम खातो. रात्रंदिवस फिरवलेला सेल ही गोष्ट लपवतो, कारण थर विरघळायला वेळच मिळत नाही. बॅटरी वापरणारा माणूस ती चार्ज करून ठेवूनही देतो, मग आपण टेस्ट करताना का ठेवत नाही?

आयन_प्रवासी

सगळं कार्बनवर ढकलू नका, अर्धा आजार इलेक्ट्रोलाइटचा आहे. मी ईथरवाला. हाच हार्ड कार्बन, हेच मीठ, फक्त ईसी-डीईसीच्या जागी डायग्लाइम घातलं की एसईआय पातळ आणि दाट बनतो, पहिली एफिशियन्सी वाढते, जास्त करंटही झेपतो. माझ्याकडे तोच कार्बन कार्बोनेटमध्ये 78 आणि डायग्लाइममध्ये 87 टक्के देतो. ताईंचा कॅथोड 3.4 व्होल्टचा आहे, तिथे डायग्लाइम अगदी चालून जातं.

भट्टी_1300

चालतं, पण 4 व्होल्टच्या वर जाणारा कॅथोड आला की ईथर ऑक्सिडाइज व्हायला लागतं, मग काय करणार? आणि 180 बीईटीचा कार्बन डायग्लाइममध्ये घातला तर आकडा सुधारेल आणि आजार झाकला जाईल. माझं म्हणणं एवढंच की आधी पृष्ठभाग कमी करा, मग इलेक्ट्रोलाइट बदला, दोन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

आयन_प्रवासी

हे मान्य. एकावेळी एकच बदल.

काळी_भुकटी

अडीच महिन्यांनी परत आलेय, धागा वर काढतेय.

ॲल्युमिना नळी दुसऱ्या विभागातून मिळाली. आधी दळणं, ॲसिड, धुणं (अकरा वेळा पाणी बदललं तेव्हा न्यूट्रल आलं), 1300, झाकण, पुढे टाकाऊ कार्बनची बोट, सगळं सांगितलं तसं. पीव्हीडीएफ सोडून सीएमसी घेतलं आणि इलेक्ट्रोड व्हॅक्यूममध्ये 120 ला रात्रभर वाळवले. हो, एकावेळी एकच बदल म्हणाला होतात, म्हणून आधी जुन्याच भुकटीला सीएमसी लावून बघितलं, एफिशियन्सी 62 ची 65 झाली, बस. मग नवी भुकटी. बीईटी 180 वरून 9! मी दोनदा मोजून घेतलं. पहिली एफिशियन्सी 84 टक्के, हाफ सेलमध्ये 305.

फुल सेलमध्ये पहिला डिस्चार्ज 87 आला. 105 चे 84 टक्के 88 होतात, म्हणजे आता आकडा आधीच सांगता येतो, याचं मला जास्त समाधान आहे. शंभराव्या सायकलला 80. चकत्या आधी दोन्ही 12 मिलिमीटरच्या होत्या, एकच पंच होता म्हणून, आता ॲनोड 14 चा केलाय आणि चंद्रकोर दिसलेला नाही.

पण ती 50 तास ठेवायची पॉझ टेस्ट केली, त्यात मार खाल्ला. चार्ज करून 50 तास ठेवला तर 87 चे 82 उरले, आणि परत चार्ज-डिस्चार्ज केल्यावर त्यातले जेमतेम 2 परत आले. बाकीचे 3 गेलेच ना? हे कार्बनचं की इलेक्ट्रोलाइटचं?

घट_जोडणी

जे 2 परत आले ते सेल्फ डिस्चार्ज, जे 3 गेले ते खरंच गेले. बीईटी 9 ला एवढं जात असेल तर आता पाळी इलेक्ट्रोलाइटची. तीन सेल ईसी-पीसीमध्ये (हेही कार्बोनेटच) आणि तीन डायग्लाइममध्ये जोडा, कार्बन हाच, चकत्या याच, सेपरेटर हाच, इलेक्ट्रोलाइटचे मायक्रोलिटर मोजून सारखेच. ग्लास फायबर भरपूर इलेक्ट्रोलाइट पिऊन बसतो, जितकं जास्त द्याल तितका एसईआय विरघळायला वाव, तेव्हा ते प्रमाणही लिहून ठेवा. प्रत्येकी एक सेल 50 तास, एक 100 तास, एक न थांबवता चालू. आयन_प्रवासी, तुमच्या 87 टक्केवाल्या सेलची पॉझ टेस्ट केलीय का कधी?

आयन_प्रवासी

नाही केलेली. आजच एक लावतो, सोमवारी सकाळी आकडा इथेच टाकतो.